त्रिकोण ओढून पाहिला, तर...

सातवीच्या वर्गात लंबदुभाजकांचा धडा झाला, की फळ्यावरचा त्रिकोण नीट निरखावा. तो बहुतेक वेळा एकाच ठेवणीचा असतो: पाया आडवा, टोक वर, तिन्ही कोन लघुकोन. वहीतही तो तसाच उतरतो. बालभारतीच्या सातवीच्या गणितातलं पहिलंच प्रकरण भौमितिक रचनांचं आहे. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक एकाच बिंदूतून जातात, हे मुलांनी कंपासपेटी उघडून स्वतः करून पाहायचं असतं. पेन्सिलीला टोक असेल आणि कंपासचा स्क्रू सैल नसेल, तर तिन्ही रेषा खरोखरच एकत्र येतात. पण एका रचनेला आठ-दहा मिनिटं लागतात. पस्तीस मिनिटांच्या तासात दोन त्रिकोण झाले तरी पुष्कळ. दोन्ही लघुकोन त्रिकोण, दोन्हींत तो बिंदू आत. मग मूल मनातल्या मनात एक नियम करून टाकतं, जो कोणीही शिकवलेला नसतो: हा बिंदू त्रिकोणाच्या आतच असतो.

हाच त्रिकोण जिओजेब्रावर काढला तर काय होतं? जिओजेब्रा हे भूमितीचं मोफत सॉफ्टवेअर. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१मध्ये विद्यार्थी असताना ते लिहायला घेतलं. बालभारतीची नवी गणिताची पुस्तकंही ते वापरून पाहायला सुचवतात. पडद्यावर एकदा त्रिकोण आणि त्याचे लंबदुभाजक काढले, की त्रिकोणाचा कुठलाही शिरोबिंदू धरून ओढता येतो आणि तिन्ही दुभाजक त्याच्यामागोमाग हलतात. टोक एका बाजूला ओढत नेलं, की एका क्षणी कोन काटकोन होतो आणि तो बिंदू नेमका कर्णाच्या मध्यावर येऊन बसतो. आणखी ओढलं, की थेट त्रिकोणाबाहेर. वर्गात कुणीतरी ओरडतंच, "बाई, बाहेर गेला!"

गणिताच्या तासात यंत्राची गरज का, या प्रश्नाचं उत्तर त्या ओरडण्यात आहे. हाताला एक-दोन उदाहरणं परवडतात. पडद्यावर दोन मिनिटांत शंभर त्रिकोण डोळ्यांखालून जातात आणि मुलाने स्वतःच बनवलेला चुकीचा नियम त्याच्याच देखत मोडतो. अट एकच. ओढण्याआधी बाईंनी विचारलं पाहिजे, "टोक इकडे नेलं तर बिंदू कुठे जाईल? वहीत लिहा." ज्याने अंदाज लिहिलेला नाही, त्याच्यासाठी ते हलतं चित्र आहे. ज्याने लिहिला, त्याच्यासाठी तो प्रयोग आहे.

दोन कॅल्क्युलेटर, दोन उत्तरं

मनातला चुकीचा नियम मोडायला महागडं यंत्रच लागतं, असं नाही. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर असतो तसला साधा कॅल्क्युलेटर आणि एक मोबाइल वर्गात आणा. दोन्हींवर एकच गणित दाबा: २ + ३ × ४. मोबाइल १४ म्हणेल. गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर बहुधा २० म्हणेल. मुलांचा पहिला निष्कर्ष ठरलेला: दुकानातला बिघडलाय.

तो बिघडलेला नाही. साधा कॅल्क्युलेटर जे दाबाल ते लगोलग करून टाकतो. २ अधिक ३ झाले ५, त्याला ४ने गुणलं, २०. मोबाइल आधी सगळी पदावली वाचतो आणि मग गुणाकार आधी, बेरीज नंतर, या क्रमाने सोडवतो. 'कंचेभागुबेव' हा शब्द मुलांनी पाठ केलेला असतो. तो नियम का हवा, हे मात्र इथे कळतं. क्रम ठरलेला नसेल, तर एकाच पदावलीची दोन उत्तरं येतील आणि दोघेही आपलंच खरं म्हणतील. मग पुढचा प्रश्न विचारावा: दुकानातल्या कॅल्क्युलेटरकडून १४ काढून घ्यायचे तर बटणं कोणत्या क्रमाने दाबावी लागतील? ३ × ४ + २. इथे मुलं यंत्राला कामाला लावतात, त्याचं उत्तर नुसतं उतरवून घेत नाहीत.

असाच एक चकवा जिओजेब्रात मिळतो. त्रिकोणाचे कोन ४५.२६, ६७.३७ आणि ६७.३७ अंश असतील, तर बेरीज चोख १८० होते. पण पडद्यावर एकच दशांश स्थळ दाखवायची सोय निवडली असेल, तर मुलांना ४५.३, ६७.४ आणि ६७.४ दिसतात. बेरीज १८०.१. 'त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०' हा नियम मोडला की काय? ज्या शिक्षकाने याची तयारी केलेली नसते तो म्हणतो, "सोडा, मशीनचं काहीतरी असतं." ज्याने केलेली असते, त्याला आसन्न किमती शिकवायला आयता प्रसंग मिळतो.

दप्तर हलकं झालं, पुढे?

मुंबई महापालिकेच्या शाळांत यंत्रं नवी नाहीत. व्हर्च्युअल क्लासरूमचा प्रकल्प २०१०-११च्या सुमारास सुरू झाला. एका स्टुडिओत तज्ज्ञ शिक्षक शिकवणार आणि शहरभरच्या शाळांतली मुलं पडद्यावर पाहणार, अशी योजना. २०१५मध्ये महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब द्यायला सुरुवात केली. आत बालभारतीचा अभ्यासक्रम भरलेला. मुलांच्या पाठीवरचं ओझं कमी व्हावं, हा त्यामागचा गाजलेला हेतू.

तो हेतू चांगलाच होता, पण तो पाठीच्या कण्याचा विचार झाला, गणिताचा नव्हे. पुस्तकातलं पान काचेवर दिसू लागलं, तरी पानावरचा त्रिकोण हलत नाही. शिवाय यंत्रात भरलेला मजकूर शिळा होतो. आठवीचं पुस्तक २०१८मध्ये बदललं. जुन्या पुस्तकावर बेतलेला टॅब त्या दिवशी निम्मा निरुपयोगी झाला. चार्जिंग, दुरुस्ती, नवा मजकूर हा खर्च दरवर्षीचा असतो. खरेदी एकदा होते आणि बातमी खरेदीचीच होते.

पुस्तक आणि पडदा यांना जोडणारा स्वस्त धागा महाराष्ट्रातच सापडला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालण्याचा प्रयोग केला. पुढे राज्याने तो उचलला आणि २०२०मध्ये डिसले यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं. आज बालभारतीच्या पुस्तकातला चौकोनी ठसा मोबाइलने टिपला, की दीक्षा या सरकारी ॲपवर त्या धड्याचं साहित्य उघडतं. पुस्तक कागदाचंच राहतं, चार्ज करावं लागत नाही, आणि आतलं साहित्य बदलायचं तर नवी खरेदी लागत नाही.

पण मोबाइल कोणाचा? मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शिवडीतल्या बीडीडी चाळींचं, म्हणजे जुन्या एका खोलीच्या घरांच्या वस्तीचं, उदाहरण घेऊ. मुंबईत अशा २०७ चाळी बांधल्या गेल्या, त्यांतल्या १२ शिवडीत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने मागे राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. तिथे सातवीतल्या मुलाला अभ्यासासाठी मोबाइल मिळतो तो वडील कामावरून आल्यावर, टीव्ही चालू असताना, धाकट्या बहिणीशी वाटून. २०२०च्या टाळेबंदीत हे घरोघर दिसलं. त्या काळात एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू केली. वाहिनी एका बाजूनेच बोलणारी, यंत्र जुनंच. पण घरात आणि आसपास मिळणाऱ्या वस्तू घेऊन मुलांनी काहीतरी करून पाहावं, असा तिचा रोख होता. नवं यंत्र आणि चांगला तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या जुन्या पडद्याने दाखवून दिलं.

आकडे काय सांगतात

यंत्राने गणित सुधारतं का, हे तपासण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग मुंबईत जन्मलेल्या संस्थेने केला. 'प्रथम' ही संस्था १९९०च्या दशकाच्या मध्यात मुंबईच्या वस्त्यांत सुरू झाली. संस्थापकांपैकी एक माधव चव्हाण.  वडोदरा महापालिकेच्या शाळांत सरकारने दिलेले चार-चार संगणक बहुतांशी पडून होते. 'प्रथम'ने त्यांवर चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ बसवले. एका संगणकापुढे दोन मुलं, आठवड्याला दोन तास. मूल बरोबर उत्तर देत गेलं की गणित अवघड होत जाई. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी याचं मोजमाप करून २००७मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

निष्कर्ष संख्याशास्त्राच्या भाषेत आहेत, ते असे समजून घेता येतील. शंभर मुलं गुणांच्या क्रमाने उभी केली आणि खालून पन्नासावं मूल घेतलं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी या कार्यक्रमातलं तसं मूल साधारण अडुसष्टाव्या जागी पोचलं होतं. एवढी झेप शाळेतल्या कुठल्याही उपायासाठी मोठीच. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने पाहिलं, तर ते मूल चोपन्नाव्या जागेच्या आसपास उतरलेलं. फायदा खरा होता; तो आपोआप टिकणारा नव्हता.

याच अभ्यासाचा दुसरा भाग मुंबई आणि वडोदऱ्यात झाला. त्यात संगणक नव्हताच. वस्तीतल्याच, शाळा शिकलेल्या तरुण मुली 'बालसखी' म्हणून मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन पायापासून शिकवत. त्यानेही मुलं वर आली. म्हणजे संगणक आणि बालसखी दोघांनी एकच काम केलं होतं: मूल जिथे अडकलंय तिथून सुरुवात.

सहावी ते आठवीत हे फार मोलाचं ठरतं. 'असर' या शालेय शिक्षणाच्या अलीकडच्या पाहण्यांत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येतं. अशा वर्गात फळ्यावर बैजिक राशी आणि बाकावर हातच्याची वजाबाकी, असं चाललेलं असतं. चाळीस मुलांच्या चाळीस पातळ्या एका शिक्षकाने सांभाळायच्या कशा? दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांना शाळेनंतर 'माइंडस्पार्क' हे सॉफ्टवेअर दिलं गेलं. ते प्रत्येकाची पातळी ओळखून त्याला तसं गणित देतं. साडेचार महिन्यांत गणितात मधलं मूल पन्नासाव्यावरून साधारण चौसष्टाव्या जागी गेलं. तिथेही अर्धा वेळ यंत्रापुढे होता आणि अर्धा वेळ छोट्या गटात माणसापुढे.

उलटा दाखलाही आहे. गुजरातमधल्या ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत संगणकाचा एक प्रयोग दोन तऱ्हांनी झाला. शाळा सुटल्यावर जादा तास म्हणून संगणक दिला, तेव्हा मुलांना फायदा झाला. नेहमीच्या तासाच्या जागी दिला, तेव्हा मुलं चक्क मागे गेली. चांगला तास चालू असेल तिथे यंत्राने त्याची जागा खाऊ नये. ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या २०१५च्या अहवालातही हाच सूर होता: ज्या देशांनी शाळांतल्या संगणकांवर भरपूर पैसा ओतला, त्यांच्या गणिताच्या गुणांत त्यामुळे लक्षणीय वाढ दिसली नाही.

शिवडीची स्वतःची गणितं

खेळ आणि सराव यांच्या पलीकडे यंत्राचा तिसरा उपयोग आहे: आपल्या परिसरातली खरीखुरी, ओबडधोबड माहिती हाताळणं. पुस्तकातल्या गणितात आकडे सोयीचे असतात, भागाकार पुरा जातो. शिवडीचे आकडे तसे नाहीत.

भरती-ओहोटीच घ्या. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ४ × ३/४, म्हणजे ३च्या सुमारास. अष्टमीला ६च्या सुमारास. हे समचलन आहे, कुणी तसं नाव न देता वापरलेलं. आता मुलांनी मोबाइलवर मुंबईच्या भरतीच्या पंधरा दिवसांच्या वेळा काढाव्यात, एक्सेलच्या एका रकान्यात तिथी, दुसऱ्यात ठोकताळ्याची वेळ, तिसऱ्यात खरी वेळ भरावी आणि आलेख काढावा. ठोकताळ्याची रेषा सरळ जाते. खरी वेळ तिच्या आसपास राहते, पण वळत वळत. ठोकताळ्यात भरती रोज ४५ मिनिटांनी पुढे सरकते. प्रत्यक्षात ती सरासरी ५० मिनिटांच्या आसपास सरकते आणि तीही रोज सारखी नाही. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या, दिवसांत कमी; भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत जास्त. ठोकताळा चुकीचा का? तो होडी काढायला पुरेसा होता, आलेखाला पुरेसा नाही. एखादं सूत्र कुठवर चालतं, हे पारखणं हाही गणिताचाच भाग आहे, आणि सातवीतल्या मुलाला ते पंधरा ओळींच्या तक्त्यात दिसतं.

किंवा खाडीतले रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत शिवडीच्या चिखलपट्ट्यावर ते उतरतात आणि पाहायला जायचं तर भरतीची वेळ आधी बघावी लागते. मुंबई परिसरातल्या खाड्यांत मिळून त्यांची संख्या लाखाच्या वर मोजली गेली आहे. एवढे पक्षी एकेक करून कोण मोजणार? एका फोटोवर पाच ओळी, आठ रकाने अशी ४० चौकटींची जाळी टाकू. एका गटाने चार चौकटी निवडल्या, समजा त्यांत १२, ०, ३१ आणि ९ पक्षी निघाले. सरासरी १३, म्हणून फोटोत अंदाजे ५२०. दुसऱ्या गटाच्या चौकटींत ५, २२, १८ आणि ३. सरासरी १२, अंदाज ४८०. कोणाचं बरोबर? वर्गात भांडण लागेल आणि ते लागू द्यावं. चारऐवजी दहा चौकटी घेतल्या तर अंदाज जवळ येतील का? पक्षी नेमके कडेला दाटलेले असतील तर कोणत्या चौकटी निवडाव्यात? यंत्राने इथे फक्त फोटो मोठा केला आणि जाळी आखून दिली. नमुना, सरासरी आणि चूक या कल्पना मुलांच्या भांडणातून आल्या.

यंत्र जिथे थांबतं

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्या हाताशी यातलं एकही यंत्र नव्हतं. त्यांनी शोधलेली गंमत जगभर ६१७४ या संख्येने ओळखली जाते. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करा. ३५२४ घेतले तर ५४३२ − २३४५ = ३०८७. पुढे ८७३० − ०३७८ = ८३५२. पुढे ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे किती वेळा केलं तरी ६१७४च. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येऊन थांबते.

वर्गातल्या चाळीस मुलांनी चाळीस संख्या घेऊन हे हाताने करावं. वजाबाकीचा एवढा आनंदी सराव दुसरा नाही. आठवीतल्या एखाद्या मुलीने स्क्रॅच या मुलांसाठीच्या संगणकभाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला, तर तो चार अंकी सगळ्या संख्या तपासून एकही अपवाद नाही हे सांगेल. पण असं का होतं, हे तो सांगणार नाही. त्रिकोणाच्या बाबतीतही तेच. जिओजेब्रा हजार त्रिकोणांत तिन्ही लंबदुभाजक एकत्र आणून दाखवेल. ते एकत्र का येतात, याचं उत्तर मात्र विचारातच मिळतं: एका बाजूच्या दुभाजकावरचा बिंदू तिच्या दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर असतो, दुसऱ्या बाजूचंही तेच, म्हणून जिथे दोन दुभाजक मिळतात तो बिंदू तिन्ही शिरोबिंदूंपासून समदूर असतो, आणि मग त्याला तिसऱ्या दुभाजकावर असण्यावाचून गत्यंतर नाही. हे पाच वाक्यांत फळ्यावर मावतं. पडद्याने मुलाला चकित केलेलं असतं, म्हणून ही पाच वाक्यं ऐकायला ते तयार होतं.

यातून शाळेसाठी काही साध्या गोष्टी निघतात. मुलामागे एक यंत्र लागत नाही. वडोदऱ्यात एका संगणकापुढे दोघं बसत. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या क्लिक्स या प्रकल्पातही मुलांनी एकत्र बसून, बोलत बोलत गणित करावं अशीच आखणी होती. एका पडद्यापुढे दोघं असली की "असं का?" विचारायला कोणीतरी शेजारी असतं. दुसरी गोष्ट भाषेची. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सुरुवातीच्या वर्षांतच दाखवून दिलं होतं, की पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली तर मुलांना विज्ञान अधिक कळतं. सेमी-इंग्रजीच्या वर्गात मुलं गणितातल्या संज्ञा इंग्रजीत लिहितात आणि आपसात मराठीत बोलतात. पडद्यावर ढीगभर इंग्रजी आलं, तर ती गणिताशी झुंजण्याऐवजी सूचनांशीच झुंजत बसतील.

आणि तिसरी गोष्ट पैशांची. एका शाळेत एक प्रोजेक्टर आणि सात-आठ चालू स्थितीतले संगणक असतील, तर इथे सांगितलेलं सगळं होऊ शकतं. कमी पडतो तो शिक्षकाचा वेळ: त्रिकोण आधी स्वतः ओढून पाहायला, १८०.१ आलं तर काय विचारायचं हे ठरवायला, दुसऱ्या शिक्षकाच्या तासाला मागच्या बाकावर बसून पाहायला. नव्या खरेदीची निविदा काढताना त्याच कागदावर शिक्षकांच्या तयारीचे तासही लिहिले गेले पाहिजेत. ते लिहिलेले नसतील, तर ती खरेदी गणितासाठी झालेली नाही, असं खुशाल समजावं.